खाडाखोड नसलेलं रजिस्टर

माझ्या रजिस्टरला कुणी हात लावलेला मला खपत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं जे घडलं त्यात माझा वाटा किती, ते तुम्हाला कळंल.

मी कडुबा. संभाजीनगरात ट्रस्टच्या दीडशे खाटांच्या दवाखान्यात रेकॉर्ड सेक्शन सांभाळतो, सव्वीस वर्षं झाली. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर माझं एक टेबल असतं, त्यावर लाल कापडी पुठ्ठ्याचं मोठं रजिस्टर. पेशंटचं नाव, वय, गाव, ऑपरेशनचं नाव, डॉक्टर, वेळ. पेशंट आत जाताना सगळं निळ्या शाईत लिहायचं. पानंच्या पानं उलटा, एक खाडाखोड सापडली तर माझं नाव बदला. तपासणीला आलेले साहेब त्याचे फोटो काढून नेतात, दुसऱ्या दवाखान्यांना दाखवायला.

हा नियम मी उगं नाही केला. अठरा वर्षांमागं एक केस कोर्टात गेली होती. रजिस्टरमध्ये एका ओळीत कुणीतरी शब्द खोडून वर दुसरा लिहिलेला. चूक साधी होती, पण वकिलानं ते पान हवेत धरलं अन् मला विचारलं, कधी खोडलं, कुणी खोडलं, का खोडलं. मी पिंजऱ्यात उभा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडातून शब्द फुटंना. त्या दिवसापासून सांगून टाकलं, माझ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड होणार नाही. डॉक्टर असो नाही तर डॉक्टरचा बाप असो.

जानेवारीत डॉक्टर सोनिया आल्या. तिशीच्या, नांदेडकडच्या, बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत. चौदा देशांतले दवाखाने मिळून एक अभ्यास करत होते, ऑपरेशननंतर टाके कुणाचे पिकतात, किती पिकतात, अन् काय केलं तर कमी होतील. आपल्या दवाखान्याचं काम त्यांच्याकडं. पहिल्याच दिवशी माझ्या खोलीत येऊन त्यांनी रजिस्टर मागितलं.

"इथंच बसून बघा," मी म्हटलं. "बाहेर जात नाही ते."

बसल्या. दोन तास पानं उलटली. मग मान वर करून म्हणाल्या, "कडुबाभाऊ, असलं रजिस्टर मी आख्ख्या महाराष्ट्रात पाहिलं नाही." झालं, तिथंच आमचं जमलं. माणूस स्तुतीला भुलतो अन् मी त्याला अपवाद नाही.

अडचण काय होती, ते त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं. ब्राझीलमध्ये ऑपरेशनला एक नंबर, घानात दुसरी यादी, फिलिपिन्समध्ये तिसरी, अन् आपल्याकडं तर नंबरच नाही, प्रत्येक दवाखान्याची आपली नावं. एकाच ऑपरेशनला चौदा ठिकाणी चौदा नावं. मग तुमच्याकडं जास्त टाके पिकतात का आमच्याकडं, हे ताडून बघायचं कसं? म्हणून सगळ्यांसाठी एकच यादी बनवायची अन् प्रत्येकानं आपलं नाव त्या यादीतल्या नंबराला जोडायचं.

"म्हणजे गट नंबर," मी म्हटलं.

"कसला?"

"आमचं रान पैठणच्या अलीकडं. एकाच तुकड्याला चुलता 'बाभळीचं' म्हणतो, आम्ही 'वरलं' म्हणतो, शेजारी 'पाटलाचं' म्हणतो. तलाठ्याकडं गेलं की तिघांचा गट नंबर एकच. तुम्हाला ऑपरेशनचा गट नंबर पाहिजे."

मॅडमनी कप खाली ठेवला अन् ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी म्हणे ते चौदा देशांना सांगितलं. त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू.

ह्या कामात तिसऱ्या आमच्या निलोफर सिस्टर. पन्नाशीच्या, संसर्ग रोखण्याचं सगळं काम त्यांच्याकडं. कुणी हात न धुता वॉर्डात शिरला तर सर्जनलासुद्धा दारातून परत पाठवायच्या. ऑपरेशनला तीस दिवस झाले की त्या पेशंटला फोन करायच्या. टाका कसा आहे, लाल झालाय का, पाणी येतं का. एकाशी मराठी, दुसऱ्याशी दखनी, अन् कुणी उत्तर टाळलं तर दोन्ही भाषांत झापायच्या. कोणाचे टाके पिकले ही माहिती सगळी त्यांच्या फोनांतून आलेली.

दोन महिने आम्ही तिघं माझ्या खोलीत बसलो. गेल्या वर्षाच्या एकोणीसशे ओळी. मी रजिस्टरमधून वाचायचो, सिस्टर तीस दिवसांचा निकाल सांगायच्या, मॅडम नंबर टाकायच्या. काय मजा आली म्हणून सांगू. एंटर दाबलं की कन्नड तालुक्यातला पेशंट जाऊन घानाच्या पेशंटशेजारी बसायचा. आमच्याकडं 'हायड्रोसील' लिहिलेलं तिकडं सापडंना, तर दोन दिवस शोधून मीच काढलं की त्यांनी ते दुसऱ्याच पानावर टाकलंय. मॅडमनी तिकडं मेल केला अन् यादी दुरुस्त झाली. जगाची यादी, अन् दुरुस्ती पुंडलिकनगरच्या माणसानं सांगितलेली. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, आधी दळण आणा.

मार्चात पहिला निकाल आला अन् सगळ्यावर पाणी पडलं.

बाकी सगळं बरं होतं. हर्निया ठीक, सिझेरियन तर चांगलंच. पण अपेंडिक्सच्या ओळीत आपला दवाखाना चौदा देशांत सगळ्यात खाली. एकशे चोवीस ऑपरेशनं, वीस जणांचे टाके पिकलेले. शेकडा सोळा. बाकीच्यांचं शेकडा पाच. अपेंडिक्स म्हणजे काय, शिकाऊ डॉक्टरसुद्धा काढतो. तिथं हे असं.

बद्रीनाथ सर म्हणजे आमचे मोठे सर, दवाखान्याचे प्रमुख. त्यांनी मीटिंग बोलावली. आवाज चढवला नाही, तो माणूस कधीच चढवत नाही. म्हणाले, "अभ्यासवाल्यांनी दहा दिवस दिलेत. कारण सांगा, नाहीतर आपली माहिती वगळतील. अन् कारण तर समोर दिसतंय. सिस्टर, एक तारखेपासून तुम्ही ओपीडीत बसा. हे काम दुसऱ्या कुणाला देऊ."

मला वाटलं, आता सिस्टर उसळतील. एरवी पाण्याच्या बाटलीवरून भांडणारी बाई. पण त्या मान खाली घालून बसल्या अन् म्हणाल्या, "बरं सर."

बाहेर आल्यावर मी भडकलो. "बरं सर काय? बावीस वर्षं राबलात अन् ओपीडीत जाऊन वजनं घेणार?"

"आकडे खोटे आहेत का भाऊ?" त्यांनी विचारलं. "फोन मीच केलेत. वीस जणांचा पू मीच पाहिलाय."

आकडे खोटे नव्हते, ते तर माझ्याच रजिस्टरमधून गेले होते.

दोन दिवसांनी माझ्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. मालनबाई, बजाजनगरची, वाळूजला एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर काम करायची. डिसेंबरात आमच्याकडं ऑपरेशन झालेलं. हातात माझाच दिलेला दाखला.

"साहेब, ह्यो कागद चुकीचा हाय," ती म्हणाली.

बास, तिथंच माझं डोकं फिरलं. "काय चुकीचं आहे?"

"अपेंडिक्स लिवलंय. कंपनीचा डॉक्टर म्हणतो, अपेंडिक्सला हलकं काम कशाला पायजे, उचल खोकी. माझं पोट इथून इथवर फाडलंय. मेलेली वाचले मी."

मी रजिस्टर काढलं, तारीख काढली, ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. तुमचं नाव. अपेंडिक्स. निळ्या शाईत. खाडाखोड आहे का कुठं?"

"नाय."

"मग?"

"मग काय. तुमच्या वहीला माझं पोट दिसतं का?"

मागं रांगेतले लोक हसले. माझ्या कानाची पाळी लाल झाली असणार. मी सिस्टरना हाक मारली, म्हटलं, ह्या बाईंना आत न्या अन् एकदा बघून घ्या, म्हणजे विषय संपंल. अपेंडिक्सचा टाका उजव्या कुशीत, बोटभर. ते एकदा सिस्टरच्या तोंडून ऐकलं की बाई गप बसंल, असा माझा हिशेब.

सिस्टर पडद्यामागून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. "भाऊ, मधोमध आहे. बेंबीच्या वरपासून खाली पार. दोन बाजूंना नळ्यांच्या खुणा." मग म्हणाल्या, "ह्या आपल्या वीसातल्या आहेत. टाके पिकलेल्या."

मालनबाई आतून साडी नीट करत आली अन् सांगायला लागली. पोट दुखायला लागलं तेव्हा चार दिवस गल्लीतल्या डॉक्टरकडं सुया घेतल्या. मग ताप चढला, पोट फळीवानी झालं, तेव्हा इथं आणलं. आत नेताना अपेंडिक्स म्हणाले. "उघडून बघितलं तर आत समदा पू, आतडं फुटलेलं. तीन तास धुतलं म्हणे. अभय डॉक्टर स्वतः सांगत व्हते माझ्या मालकाला."

अभय डॉक्टर आमचे सर्जन. अन् त्यांचं नाव ऐकलं तशी मला ती दुपार आठवली. ऑपरेशन संपवून ते टेबलाशी आले होते, टोपी हातात, थकलेले. म्हणाले होते, "कडुबा, ते अपेंडिक्स नव्हतं रे नुसतं, आत सगळं फुटलेलं. नाव बदल." अन् मी काय म्हटलं होतं? मी म्हटलं होतं, "सर, ते तुमच्या केस पेपरात लिहा. माझ्या रजिस्टरला डाग नको." ते हसून निघून गेले. एकदा नाही, असं कितीदा तरी झालं होतं. पुढं पुढं तर डॉक्टर विचारायचंच विसरले.

मी खुर्चीत बसलो. सिस्टरनी पाणी दिलं, ते प्यालो. मग उठून सोनिया मॅडमकडं गेलो अन् उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

त्यांना कळायला निमिष लागला नाही. "म्हणजे फुटलेली पोटं आपण साध्या अपेंडिक्सच्या नंबरात घातली. फुटलेल्याला वेगळा नंबर आहे, भाऊ. तिथं सगळ्या जगात टाके पिकतात, शेकडा तीस." त्या उभ्या राहिल्या. "किती असतील असे?"

"लई असतील. आपल्याकडं लोक उशिरा येतात. पैठण, गंगापूर, कन्नड, आधी गावात चार दिवस काढून."

आठ दिवस उरले होते. मॅडमनी तिथल्या तिथं अभ्यासवाल्यांना मेल केला. उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. नंबर बदलू देऊ, पण निकाल आल्यावर बदलताय, म्हणून प्रत्येक पेशंटमागं दोन वेगळे पुरावे पाहिजेत. कुणाच्या आठवणीवर चालणार नाही. बरोबरच होतं त्यांचं, मीही तेच म्हटलं असतं.

दोन दिवसांत मी गोडाऊनमधून एकशे चोवीस फायली काढल्या. कंबर धरली, पण काढल्या. भुलीच्या कागदावर ऑपरेशनला किती वेळ लागला ते असतं, तो एक पुरावा झाला. दुसरा, डॉक्टरनं लिहिलेला ऑपरेशनचा कागद. तिथं घोळ. एकोणतीस फायलींत स्वच्छ लिहिलेलं, पू होता, फुटलेलं होतं. पण बाकीच्यांत शिकाऊ डॉक्टरांनी काय केलेलं, माझ्या रजिस्टरमधलं नाव वर उतरवलं अन् खाली दोन ओळी. अपेंडिक्स काढलं, टाके घातले. अडीच तास चाललेल्या ऑपरेशनला दोन ओळी. ह्यांच्या अकलेचे दिवे कुठं ओवाळावेत? अन् मग लक्षात आलं की माझ्या स्वच्छ रजिस्टरनंच त्यांना ते आयतं नाव दिलेलं.

दुसरा पुरावा कुठून आणायचा ह्या विचारात मी जिन्यात उभा होतो, तर खालून हत्यारांची ट्रॉली घेऊन नवाबभाई आले. ऑपरेशनची हत्यारं वाफेत निर्जंतुक करून कापडात बांधून वर पाठवायची, हे काम त्यांचं. तीस वर्षं त्या गरम खोलीत काढलेली. माझं तोंड बघून विचारलं, काय झालं. मी सांगितलं.

"फुटेला पेट?" नवाबभाई म्हणाले. "उसकू छोटा सेट पुरताच नै. बीच में बडा सेट मंगाते. मेरे पास लिखा है सब."

"कुठं लिहिलंय?"

"कापी में."

नवाबभाईंवर एकदा चिमटा हरवल्याचा आळ आला होता. तेव्हापासून कुठला सेट, किती वाजता, कुठल्या पेशंटसाठी वर गेला, ते हा माणूस आपल्या पदरच्या वहीत लिहायचा. दवाखान्यात कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मी अक्षरशः पळत जाऊन मॅडमना अन् सिस्टरना घेऊन खाली आलो. नवाबभाईंनी वही काढली, मेणकापडात गुंडाळलेली. मी हात पुढं केला तर त्यांनी वही छातीशी धरली.

"कापी बाहर नक्को," ते म्हणाले. "इधरीच बैठके देखो."

मी काय बोलणार? मीही तसलाच. मी वाकून बघितलं तर सगळं उर्दूत, उजवीकडून डावीकडं. मला अलिफसुद्धा येत नाही. मॅडमना येत नाही. आम्ही दोघांनी सिस्टरकडं बघितलं. त्यांनी चष्मा पुसला, स्टुलावर बसल्या अन् वाचायला लागल्या.

त्या खोलीत इतका उकाडा होता की मॅडमच्या लॅपटॉपवर घाम टपकत होता, पण कुणी उठलं नाही. सिस्टर वाचायच्या, "बारा जुलै, अकरा चाळीस, मोठा पोटाचा सेट." मी रजिस्टर बघून म्हणायचो, "बारा जुलै, अपेंडिक्स, आत गेले दहा पन्नास." मॅडम फाइल बघायच्या, "भूल अडीच तास. धरा." अन् नंबर बदलायचा. पुढची ओळ. पुन्हा जुळली. पुढची. तीही जुळली. सहाव्या-सातव्या ओळीला मी उभा राहिलो, बसवंना. नवाबभाई तर कामधंदा सोडून आमच्या मागं उभे, प्रत्येक ओळीला "देखा" म्हणायचे. एका ओळीला वेळ जुळंना, तर त्यांनीच सांगितलं की त्या दिवशी घड्याळ बंद होतं अन् वहीत तसं लिहिलंयसुद्धा. सिस्टरनी वाचलं, खरंच लिहिलेलं होतं. आम्ही चौघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

पंचवीस निघाले. आधीचे एकोणतीस. एकूण चोपन्न फुटलेली पोटं. साधी अपेंडिक्स उरली सत्तर, त्यात टाके पिकलेले तीन. मॅडमनी भागाकार केला अन् स्क्रीन आमच्याकडं फिरवला. शेकडा चार. फुटलेल्यांत सतरा, शेकडा एकतीस, म्हणजे बाकी देशांएवढंच.

"सिस्टर," मी म्हटलं, "शेकडा चार. जगापेक्षा चांगलं."

त्यांनी स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पुन्हा मोजा."

"आता कशाला?"

"माझ्यासाठी ओढूनताणून काढलं असंल तर नको मला. पुन्हा मोजा. मी वाचते."

पुन्हा मोजलं. पहिल्या ओळीपासून. एकही इकडचा तिकडं झाला नाही.

गुरुवारी साडेचारला चौदा देशांची मीटिंग. ब्राझीलमध्ये तेव्हा सकाळ असते, घानात दुपारच्या आधीची वेळ. सभागृहात मोठा पडदा लावलेला, त्यावर चौकोनांत माणसं. अलीकडं आम्ही, मोठे सर मधे, अभय डॉक्टर, सिस्टर कोपऱ्यात. सोनिया मॅडमनी सगळं मांडलं. इंग्रजी मला बरंचसं कळतं. त्यांनी शेवटच्या पानावर कारण लिहिलं होतं, नोंदीच्या पद्धतीतला दोष. मला झाकायला लिहिलं होतं ते, मला माहीत होतं.

घानाचे डॉक्टर अभ्यासाचे मुख्य. पांढऱ्या दाढीचे, शांत. त्यांनी विचारलं, पुरावे चांगले आहेत, पण मला एक कळलं नाही. ऑपरेशन संपल्यावर नाव दुरुस्त का केलं गेलं नाही? कुणी अडवलं होतं का?

मोठे सर टेबलाकडं बघत होते. अभय डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही, मुद्दाम. मॅडम म्हणायला लागल्या की पद्धतच तशी होती. मी उठलो.

"मॅडम, मी सांगतो. तुम्ही त्यांच्या भाषेत सांगा." अन् मराठीत बोललो. "अडवलं मी. डॉक्टर सांगायचे, नाव बदल. मीच म्हणायचो, खाडाखोड नको. मला स्वच्छ रजिस्टर पाहिजे होतं. ते स्वच्छ राहिलं अन् खोटं झालं. ह्यात सिस्टरांचा दोष नाही, डॉक्टरांचा नाही, पद्धतीचाही नाही. माझा आहे. माझं नाव लिहून घ्या."

मॅडमनी सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मला वाटलं, गेली नोकरी.

तेवढ्यात ब्राझीलच्या बाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, आमच्याकडं हा माणूस नाही, पण हाच नियम आहे. आमचा कॉम्प्युटर ऑपरेशन ठरवताना जो नंबर टाकाल तो कुलूपबंद करतो. मग फिलिपिन्सचे डॉक्टर म्हणाले, थांबा, आमच्याकडंही थिएटरची यादी सकाळीच पक्की होते. तिसरा बोलला, चौथा बोलला. अर्ध्या तासात कळलं की सात देशांत आत जाताना ठरलेलंच ऑपरेशन मोजलं जात होतं, झालेलं नाही. सगळे एकदम बोलायला लागले, कुणाचं कुणाला ऐकू येईना. मॅडमची बोटं टेबलावर नाचत होती. घानाच्या डॉक्टरांनी सगळ्यांना गप्प केलं अन् तिथल्या तिथं ठरवलं. यापुढं दोन रकाने, ठरलेलं अन् झालेलं. मागची सगळी माहिती पुन्हा तपासायची, कशी तपासायची ते संभाजीनगरच्या दवाखान्यानं लिहून द्यायचं. हत्यारांच्या वहीची पद्धत त्यात घालायची. मग त्यांनी माझं नाव विचारलं, दोनदा, अन् नीट लिहून घेतलं.

पडदा बंद झाला. मोठे सर म्हणाले, "सिस्टर, तुमच्या बदलीचा कागद रद्द. कडुबा, तुमच्याशी मी नंतर बोलतो." बोलतील ते. बोलायलाच पाहिजे. मालनबाईचा दाखला मात्र मी त्याच दिवशी नवीन करून दिला, अभय डॉक्टरांच्या सहीनिशी.

माझं अंग हलकं झालं होतं, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. खोलीत आलो तर निलोफर सिस्टर माझ्या टेबलाशी बसलेल्या. मी म्हटलं, आता पेढे तुमच्याकडून. त्या दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवून बघत होत्या. औषधी पाण्यानं धुऊन धुऊन कातडी फाटलेली, भेगांत लाल दिसत होतं.

"भाऊ, मला नात झालीय. माहिती आहे ना?"

"व्हय, ऑगस्टमध्ये. तुमच्या लेकीची, राहतची मुलगी."

"सात महिन्यांची झाली. मी तिला अजून उचललं नाही."

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"अभ्यासाचा निकाल आत्ता आला, पण फोन मी वर्षभर करते. एकामागं एक, ह्याचा टाका पिकला, त्याचा पिकला. सगळं धुवून घेते, सगळं तपासते, तरी पिकतो. मग वाटायला लागलं, माझ्याच हातात काहीतरी आहे. मीच नेते एकाकडून दुसऱ्याकडं. राहतला सांगितलं, कंबर दुखते, बाळ देऊ नको." त्यांनी तळवे मिटले. "ती रुसली. बोलत नाही नीट."

मला लाज वाटली. कोर्टात वाटली त्यापेक्षा जास्त, मघाशी पडद्यासमोर वाटली त्यापेक्षा तर कितीतरी जास्त. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, पण सिस्टरनी फोन कानाला लावला होता. राहतचं घर जवळच आहे, रोशन गेटला. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "रिक्षा कर अन् ये. छोटीला घेऊन ये. गेटवर ये."

मी त्यांच्यासोबत गेटपर्यंत गेलो. उन्हं कलली होती, भेटीला आलेल्या लोकांची गर्दी. राहत रिक्षातून उतरली, घाबरलेली, अम्मीला काय झालं म्हणून. सिस्टरनी नुसते हात पुढं केले. राहतनं एकदा त्यांच्याकडं बघितलं अन् मुलगी त्यांच्या हातात दिली.

सिस्टरच्या चेहऱ्याकडं बघून मुलीनं भोकाडच पसरलं. ओळखच नव्हती. येणारे-जाणारे वळून बघायला लागले, राहत परत घ्यायला पुढं झाली. सिस्टरनी मुलीला खांद्याशी घट्ट धरलं अन् राहतकडं पाठ फिरवली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "रडू दे तिला."